भिंत पुरी झाली, पाणी कुठवर आलं?

(इंदापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे दरवर्षी जमतो, त्यांनी मला भूगोल शिकवला. नकाशा टांगायचा, छडीचं टोक भोरवर ठेवायचं, तिथून वेळवंडी, नीरा, वीर असं करत ते इंदापूरला आणायचं आणि विचारायचं, "आता सांगा, यातली नदी कुठली आणि पाट कुठला?" मागच्या बाकावरून एकदा उत्तर आलं, "ज्याच्यात पाणी आहे तो पाट, गुरुजी." वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "बस खाली. बरोबर आहे."

त्या मुलाने माझं आजचं निम्मं व्याख्यान तेव्हाच देऊन टाकलं होतं. उरलेलं निम्मं मी देतो.

समितीने मला विषय दिला, 'आपल्या खोऱ्यातली मोठी धरणं: काम कुठवर आलं?' एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटायला हवा. कागदावर तो सोपा आहेच. नीरा खोऱ्यात आज चार धरणं उभी आहेत. भाटघर साडेतेवीस टीएमसीचं, नीरा देवघर पावणेबाराचं, वीर साधारण नऊ पूर्णांक चारचं, आणि गुंजवणी तीन पूर्णांक सातचं. बेरीज अठ्ठेचाळीसच्या थोडी वर जाते. पावसाळ्यात रोज सकाळी आपण सगळेच हे आकडे मोबाईलवर बघतो. क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे 2,800 कोटी लिटरच्या वर पाणी. चारही भिंती पुऱ्या आहेत. तेव्हा काम कुठवर आलं, याचं उत्तर 'पुरं झालं' असं देऊन मी खाली बसू शकतो.

पण 'पूर्ण' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. त्याचं कारण शेवटाकडे सांगेन, कारण ते माझ्याच अंगाशी येतं.

आधी थोडं मागे जाऊ. 1876-77 चा दुष्काळ आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बोलला गेला. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पश्चिमेला भोरच्या डोंगरात मात्र याच्या कितीतरी पट. म्हणजे पाऊस पडतो तिथे सपाट जमीन नाही आणि जमीन आहे तिथे पाऊस नाही. इंग्रज सरकारने ही सांधेजोड करायचं ठरवलं ते काही दयेपोटी नाही. दुष्काळी कामावर पैसा जातो, सारा बुडतो, त्यापेक्षा पाट काढलेला परवडतो, असा तो हिशेब होता. वीरपासून नीरा डावा कालवा निघाला, 1885 च्या सुमारास पाणी सुटलं, आणि त्याला पुरवठा करायला भाटघरला वेळवंडीवर पहिली भिंत उभी राहिली. तिच्या जलाशयाला व्हायटिंग या इंजिनिअरचं नाव मिळालं. सुमारे दीडशे किलोमीटरचा हा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर अशा तीन तालुक्यांतून येतो. आपण त्याच्या शेपटाला. हे 'शेपूट' लक्षात ठेवा.

गंमत अशी, की पाणी आलं तेव्हा ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. पाऊस बरा झाला की शेतकरी म्हणायचा, पाणीपट्टी कशाला भरू? दुष्काळ पडला की सगळेच एकदम दारात. बाजरी-ज्वारीवर कालव्याचा खर्च निघेना. मग ऊस आला. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी कालव्याकाठी जमिनी खंडाने घेतल्या, गुऱ्हाळं सुरू झाली, पाणीपट्टी येऊ लागली. सरकार खूश झालं. दुष्काळ निवारायला काढलेला पाट उसाच्या पैशावर तगला, आणि तगला म्हणून तो उसाचाच झाला. आज आपण उसाला नावं ठेवतो, पण कालव्याला उसाची सवय शेतकऱ्याने एकट्याने लावली नाही, त्यात सरकारी हिशेबाची वही आधी होती, हे माझ्या नोकरीतल्या कुठल्या साहेबाने मला सांगितलं नाही. ते मला कपाटातल्या जुन्या कागदांनी सांगितलं.

उसाबरोबर दुसरीही एक गोष्ट आली. माथ्याकडच्या गावांत पाणी मुरत राहिलं, जमिनी चोपण होऊ लागल्या, पांढरं फुटू लागलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 साली एक पुस्तिकाच लिहिली. 1910! भाटघरचं मोठं धरण तेव्हा व्हायचं होतं. इकडे माथ्याला जमीन पाण्याने मरत होती, तिकडे शेपटाला पाण्यावाचून.

यावर उपाय शोधायला जो तरुण इंजिनिअर आला, त्याचं नाव विश्वेश्वरय्या. हो, तेच, पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले. ते मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते, खडकवासल्याला 1903 साली त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. नीरेवरची त्यांची 'ब्लॉक' पद्धत मात्र त्या कालव्याचं पाणी पिणाऱ्यांनाही ठाऊक नसते. पद्धत साधी होती. कालव्याचं पाणी माथ्याकडच्या दोन-चार गावांच्या उसात जिरू द्यायचं नाही. लांबवर सगळ्या गावांत ठरावीक गट पाडायचे. गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ऊस, बाकीवर हंगामी पिकं, आणि उसाची पाळी फिरती ठेवायची. म्हणजे पाणीही पसरेल आणि जमिनीलाही उसंत मिळेल. ऊसवाल्यांनी विरोध केला, तो करणारच. पण सरकारने पद्धत उचलली आणि दख्खनच्या कालव्यांवर ती बरीच वर्षं चालली.

मी मुद्दाम इथे रेंगाळतोय. सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने ओळखलं होतं, की अडचण भिंतीच्या उंचीत नाही, वाटपात आहे. आणि त्यानंतर आपण काय केलं? भिंत वाढवली.

भाटघरची नवी भिंत 1928 साली पुरी झाली. गव्हर्नर लॉइडच्या नावाचं ते धरण, मैलाहून किंचित लांब, दगडी बांधकामाच्या घनफळात तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या धरणांत गणलं गेलेलं. जुनं व्हायटिंगचं धरण नव्या जलाशयात बुडालं. एका धरणाने दुसऱ्या धरणाला गिळावं, असं फार कमी ठिकाणी झालं असेल. वेळवंडीतलं कांबरेश्वराचं देऊळही पाण्यात गेलं आणि अजून उन्हाळ्यात वर येतं. जमीन भोर संस्थानची, पाणी खालच्या इंग्रजी मुलखाचं. याच पुणे जिल्ह्यात मुळशीला 1921 साली सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. भाटघरला तसं काही गाजलं नाही, म्हणून तिथे कुणी रडलं नसेल, असं कृपा करून समजू नका.

साठा वाढला, तेव्हा उजवा कालवा निघाला. फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोला. म्हणजे पाणी वाढलं आणि शेपूटही वाढलं. इकडे आपल्या कळंबला वालचंद हिराचंदांनी माळरानावर ऊस लावला, कारखाना काढला, वालचंदनगर वसलं. पुढे सहकारी कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. नंतर 1965 च्या सुमारास वीरचं धरण झालं. पुन्हा तेच. साठा वाढला की उसाचं क्षेत्र त्याच्या एक पाऊल पुढे.

आता नीरा देवघरकडे येतो, कारण 'काम कुठवर आलं' या प्रश्नाची सगळी मेख तिथे आहे. हे धरण गेल्या पंचवीसेक वर्षांत झालं. भिंत झाली, पाणी अडलं. पण ज्यांच्यासाठी अडवलं त्या दुष्काळी पट्ट्याकडे जाणारे धरणाचे कालवे अर्धवट राहिले. अडलेलं पाणी कुठे जाणार? नदीतून खाली वीरला, तिथून डाव्या-उजव्या कालव्यात. करार झाला, डाव्याला साठ टक्के, उजव्याला चाळीस. डावा म्हणजे आपण. काही वर्षं आपला उन्हाळा त्या पाण्यावर निघाला. कराराची मुदत संपली, आणि जून 2019 मध्ये सरकारने हुकूम काढला, हे पाणी बारामती-इंदापूरला बंद. सरकार बदललं, 2020 मध्ये निर्णयही फिरला. त्या वर्षभरात दोन्ही बाजूंची भाषणं मी ऐकली. एका बाजूला 'आमच्या तोंडचं पाणी पळवलं', दुसऱ्या बाजूलाही 'आमच्या तोंडचं पाणी पळवलं'. वाक्य तेच, नुसतं तोंड वेगळं.

मंडळी, हे ऐकायला इंदापुरात कुणाला आवडणार नाही, पण मी पेन्शनर आहे, मला आता बदलीची भीती नाही. आपण वापरलेलं ते जादा पाणी म्हणजे माळशिरस-सांगोल्याचा अपुरा कालवा होता. त्यांचं काम अपूर्ण राहिलं म्हणून आपलं पाणी पूर्ण झालं. गुंजवणीचंही तसंच. वेल्ह्यात धरण भरतं, पण पुरंदरच्या शिवारात पाणी नेणाऱ्या जलवाहिनीचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. जेव्हा ही वितरणाची कामं पुरी होतील, तेव्हा आपल्या पाटात येणारं पाणी त्या मापाने कमी होईल. म्हणून विचारतो, वरच्या धरणांची कामं पूर्ण व्हावीत असं आपल्याला मनापासून वाटतं का? मला कधीकधी शंका येते. आणि ही आपल्या एकट्याची लबाडी नाही. प्रत्येक खोऱ्यात शेजाऱ्याच्या अपुऱ्या कामावर कुणाचा ना कुणाचा ऊस उभा आहे. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, आणि तरी आपली भिजणारी जमीन लागवडीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच घुटमळते.

1996 साली कृष्णा खोरे महामंडळ निघालं तेव्हा मी खात्यात होतो. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने दिलेलं पाणी 2000 सालच्या मे अखेरपर्यंत अडवलं नाही तर हातचं जाईल, अशी घाई होती. रोखे काढले, पैसा उभा केला, एकाच वेळी शेकडो ठिकाणी नारळ फुटले. लवादापुढे दाखवायला अडवलेलं पाणी लागतं, भिजलेलं शेत नव्हे. त्यामुळे भिंती आधी आणि चाऱ्या नंतर, असा क्रम पडला. त्यात चूक कुणाची, हे सांगायला दुसरं व्याख्यान लागेल. एवढं मात्र खरं, की भिंतीवर फीत कापता येते. चारीवर कापायला कुणी येत नाही, तिथे चिखल असतो.

आता आपल्या उत्तरेला वळू. उजनी. भूमिपूजन 1966, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. 1980 साली काम पुरं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढ्याला, आणि पाणी पसरलं आपल्या दारात. एकूण साठा 117 टीएमसी. म्हणजे नीरेवरची चारही धरणं तिच्यात दोनदा ओतली तरी जागा उरेल. पण यातलं मृत साठ्याचं पाणी त्रेसष्टच्या वर आणि जिवंत साठा त्रेपन्न-चोपन्न. मेलेलं जास्त, जिवंत कमी! मृत म्हणजे भिंतीतल्या कालव्याच्या तोंडाखालचं. सोलापूरच्या दृष्टीने मेलेलं हे पाणी पळसदेव, भिगवण, कालठणच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलं जिवंत असतं, कारण त्याची मोटार तिथेच बसलेली असते. म्हणून उजनी 'मायनस'मध्ये गेली की तिकडे सोलापुरात ओरड होते आणि इकडे उपसा चालूच.

2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. मी मुद्दाम पळसदेवला गेलो. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं होतं, शिखरापासून पायथ्यापर्यंत वाळलेला गाळ. पण मी देऊळ बघायला गेलेलो नव्हतो. देवळापलीकडे, भेगाळलेल्या चिखलावरून काळ्या केबलींचे झुंबाडे पाण्याकडे गेलेले. पाणी जसं मागे सरतं, तशी केबल आणि पाइप पुढे न्यायचे, मोटार उचलायची, पुन्हा बसवायची, जेसीबीने चारी खोदून पाणी तिच्या तोंडाशी आणायचं. एका मोटारीपाशी बापलेक बसले होते. मुलगा म्हणाला, "या उन्हाळ्यात चौथ्यांदा हलवली." बाप काही बोलला नाही. मग देवळाकडे बोट करून म्हणाला, "आमचं घर त्याच्या मागं होतं." म्हणजे ज्याचं घर बुडवून हे धरण झालं, तो त्याच धरणाच्या पाण्यामागे केबल घेऊन पळत होता, आणि सोलापूरच्या नोंदीत तो बहुधा पाणीचोर असेल.

त्याच मे महिन्यात कळाशी-कुगाव दरम्यान नाव उलटली, सहा जीव गेले. पूर्वी नदी ओलांडून जायचा तो पट्टा आता समुद्रासारखा, वारा सुटला की लाटा. धरण 1980 चं आणि तिथल्या पुलाचं काम आत्ता कुठे हाती घेतलंय. पुनर्वसनात जमीन मोजतात, घर मोजतात. मोडलेली वाट कुणी मोजत नाही.

उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी द्यायचा 2021 चा निर्णय आपल्याला आठवत असेल. सोलापूर पेटलं आणि महिन्याभरात तो रद्द झाला. नंतर लाकडी-निंबोडी उपसा योजनेला मंजुरी मिळाली, त्यावरही वाद झाला. मी बाजू घेत नाही, म्हणजे इथे बसून घेत नाही. आपल्या जिरायत भागाला पाणी हवंच, लाकडी-निंबोडीच्या माळावरचा माणूस काही ऊस मागत नाही, प्यायला आणि जनावरांना मागतो. पण त्याच्या नावाने आलेलं पाणी वाटेत कुणाच्या उसाला लागणार नाही, याची हमी कोण देणार?

आणि आता सगळ्यात मोठं काम. कृष्णेचं पुराचं पाणी नीरेत आणि नीरेचं भीमेत आणायचं, ही स्थिरीकरणाची योजना. तिच्यातला शेवटचा दुवा आपल्या पायाखाली आहे. नीरेवरच्या उद्धटपासून उजनीकाठच्या भादलवाडीपर्यंत सुमारे चोवीस किलोमीटरचा बोगदा. वर आपली शेतं, खाली बोगदा, आणि त्यातून जायचं पाणी मुख्यतः पुढे मराठवाड्याला. ते गेलंच पाहिजे, धाराशिव-बीडची तहान आपल्यापेक्षा जुनी आणि खोल आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये याच बोगद्याच्या अकोले गावच्या शाफ्टमध्ये क्रेनचा वायररोप तुटून आठ कामगार खाली कोसळले आणि गेले. कधी त्या रस्त्याने गेलात तर क्षणभर थांबा.

पण बोगदा झाला म्हणजे पाणी वाढलं, असं नाही. पुराचं पाणी जुलै-ऑगस्टला येतं, तेही येईल त्या वर्षी. आणि पाऊसही आता जुनं पंचांग मानत नाही. मे 2025 मध्ये, ऐन उन्हाळी आवर्तनाच्या दिवसांत, बारामतीत एवढा पाऊस कोसळला की पिंपळीजवळ नीरा डावा कालवाच फुटला. दुष्काळासाठी काढलेला पाट पुराने फोडला.

कालव्याच्या अस्तरीकरणाचं सांगून मग माझ्या भांडणाकडे येतो. इंजिनिअर म्हणतो, मातीच्या कालव्यातून पाणी गळतं, काँक्रीट करा, ते शेपटाला पोचेल. काठचा शेतकरी म्हणतो, काँक्रीट करू नका, माझी विहीर आटेल. एकाच पाण्याला एक गळती म्हणतो, दुसरा झरा. दोघेही खरं बोलतात. त्या विहिरींचं पाणी कुठल्याच वहीत नाही, हीच मुळातली अडचण. अडवलेल्या पाण्याची नोंद दशांश चिन्हापर्यंत आणि वापरलेल्या पाण्याची अंदाजपंचे.

माझी गोष्ट अशी. नोकरीची पहिली काही वर्षं. एका फाट्याचं काम माझ्याकडे होतं. कुठला, नंबर सांगत नाही. मार्चअखेर जवळ आली होती, वरून निरोप होता, दाखला द्या. मी पाटकऱ्याला घेऊन फाट्यावर चाललो. माथ्याला गेजवर पाणी पुरेपूर. पहिल्या चार-पाच दारांशी माणसं दारं धरून उभी, एकाने तर विनाअर्ज सायफन टाकलेला. पुढे पाणी गुडघ्याएवढं, मग घोट्याएवढं. शेवटच्या मोरीपाशी पोचलो तेव्हा तळाला नुसती ओल होती. मोरीवर एक म्हातारे बसले होते, खांद्यावर फावडं. म्हणाले, "सायेब, दोन रात्री बसलोय. येईल ना?" मी म्हणालो, येईल. परत आलो आणि दाखल्यावर सही केली. 'काम पूर्ण.' खोटं काही नव्हतं. खोदाई झाली होती, बांधकाम झालं होतं, दारं बसली होती. फक्त पाणी आलं नव्हतं, आणि त्या छापील नमुन्यात पाण्यासाठी रकानाच नव्हता.

शेजपाळीचा नियम आपण सगळे जाणतो. आवर्तन शेपटाकडून माथ्याकडे, आधी शेवटच्याचं भिजवायचं. 2005 चा पाणीवापर संस्थांचा कायदाही तेच सांगतो, पाणी मोजून घ्या आणि तुमचं तुम्ही वाटा. आपल्या दोन तालुक्यांत काही संस्था चांगल्या चालल्या, पुष्कळ कागदावर राहिल्या. कारण मोजून घ्यायचं तर आधी खरं सांगावं लागतं. पाणीमागणीच्या सात नंबरच्या अर्जात ऊस दीड एकर लिहायचा आणि शिवारात चार एकर लावायचा, मग खात्याचा हिशेब दीड एकराचा, पाण्याचा खर्च चाराचा, आणि मधलं अडीच एकराचं पाणी त्या म्हाताऱ्याच्या मोरीतून वजा. ते ना भाटघरला चोरीला जातं, ना सोलापूरला.

बारामतीला आज ठिबकावर ऊस आहे, कृषी विज्ञान केंद्रात संगणक उसाला पाणी केव्हा द्यायचं ते सांगतो, त्याचं जगभर कौतुक झालं आणि मलाही अभिमान आहे. पण ठिबकाने वाचलेलं पाणी शेपटाला गेलं, की त्याच शेतकऱ्याने आणखी दोन एकर ऊस वाढवला, हे कुणी विचारलं तर बरं होईल.

तेव्हा समितीच्या प्रश्नाला माझं उत्तर. भिंतींचं काम झालं आहे. नीरा खोऱ्यात मोठ्या धरणाला आता फारशी जागाही उरली नाही, नदीनेच तो प्रश्न संपवलाय. वाटपाचं काम विश्वेश्वरय्यांनी जिथे सोडलं, त्याच्या फार पुढे गेलेलं मला दिसत नाही. नवी योजना जाहीर झाली की टाळ्या जरूर वाजवा, पण सोबत विचारा, चाऱ्या कधी आणि शेवटच्या मोरीचं गेज कोण वाचणार.

उन्हाळी आवर्तनाचे सात नंबरचे अर्ज सध्या शाखेत घेतायत. ज्यांनी भरले नसतील त्यांनी या आठवड्यात भरा, आणि भरताना उसाचं क्षेत्र जेवढं आहे तेवढंच लिहा.